एकदाच सांगायचं

लाँड्रीच्या व्हॅनला इतक्या वर्षांत साधा ओरखडा नव्हता, आणि ही गोष्ट कडकशेठ नव्या माणसाला स्वतःच्या नावाच्या आधी सांगत. कडकशेठ हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मभर चादरींना खळ घालता घालता ती थोडी त्यांच्या मानेतही उतरली होती, म्हणून लोकांनी ठेवलेलं.

हॉस्पिटलच्या चादरी, लहान हॉटेलांचे टॉवेल, दंतवैद्यांचे पांढरे डगले हे सगळं सकाळी पोचवायचं आणि मळकं उचलून आणायचं. गाडी चालवायचे शेठ. बाजूच्या सीटवर त्यांची बायको. तिला कपडे भिजवणाऱ्यापासून हॉटेलच्या मॅनेजरपर्यंत सगळे वहिनीच म्हणत. मागे जागा पुरायची नाही, म्हणून एक गाठोडं कायम तिच्या मांडीवर.

या गाडीत एक कायदा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका उतारावर पुढे सायकलवाला डुलत चालला होता. वहिनी म्हणाली, "सायकल." मग म्हणाली, "अहो, सायकल." मग, "सायकल म्हणतेय ना मी!" शेठनी गाडी कडेला लावली, किल्ली काढली आणि तिच्या मांडीवरच्या गाठोड्यावर ठेवली. "घे. चालव मग तूच."

तिला चालवता येत नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. चादरी वाट बघत होत्या. शेवटी तीच म्हणाली, "बरं बाई, चुकलं माझं." तेव्हा कायदा झाला. एकदाच सांगायचं. मी बहिरा नाही. दुसऱ्यांदा सांगितलंस की किल्ली तुझ्याकडे.

वहिनी शब्दाची पक्की. त्यानंतर तिने कुठलीही गोष्ट दोनदा सांगितली नाही. पण बाई हिशेबी होती. एकदाच सांगायचं, तर ते निदान वेळेत सांगितलेलं बरं, म्हणून ती आधी सांगू लागली. मग आणखी आधी. ती "बस" म्हणायची तेव्हा बस थांब्यावर दारं उघडी टाकून निवांत उभी असायची. ती "पोर" म्हणायची तेव्हा रस्त्यावर पोर नसायचं, नुसता फाटकाखालून घरंगळत आलेला चेंडू असायचा. शेठ हुंकार देत, पाय ब्रेककडे नेत, आणि घरी आल्यावर सांगत, "आज एकाने बस मध्येच घातली. पण माझं लक्ष होतं."

अशी वर्षं गेली, आणि सगळी जमा शेठच्या नावावर पडत राहिली.

मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस शेठना एका यंत्रात डोकं घालायला लावलं. आत ठिपके चमकत. दिसला की बटण दाबायचं. मधल्या ठिपक्यांना शेठनी फटाफट बटण दाबलं. कडेचे ठिपके मात्र चमकले, विझले, आणि शेठ आपले शांत.

"समोरचं छान दिसतंय तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडेची नजर गेलीय. आणि ही काही कालची गोष्ट नाही, बरीच वर्षं हळूहळू जातेय. गाडी चालवता का तुम्ही?"

"चालवता का म्हणजे? ओरखडा नाही गाडीला!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या.

शेठनी ते कौतुक समजून खिशात घातलं. वहिनी शेजारच्या खुर्चीत पर्स धरून बसली होती. लायसन्स मात्र गेलं.

समोरच्या फर्निचरवाल्याचा त्या व्हॅनवर आधीपासून डोळा होता. त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते, त्यामुळे नजर चांगली बसली होती. तो लगेच आला. तूर्त माझा ड्रायव्हर तुमची फेरी मारेल, म्हणाला, शेजारधर्म आहे. पण पुढच्या महिनाअखेरीस गाडी मलाच द्या. तुमची गाठोडी काय, माझ्या सोफ्यांच्या फटीत जातील.

सोफ्यांच्या फटीत! शेठ मान खाली घालून हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात अभ्र्याची घडी घालता घालता वहिनी म्हणाली, "मी शिकते."

मोठ्या इस्त्रीवरच्या मावशीने यंत्र थांबवलं. चादर अर्धी आत, अर्धी बाहेर.

"तू?" शेठ म्हणाले.

"मग कोण? ही?" वहिनीने लेकीकडे बोट केलं. लेक अजून लायसन्सच्या वयाची नव्हती, सल्ले देण्याच्या वयाची मात्र होती.

"शीक की," ती म्हणाली. "पण आई, आधी लेखी परीक्षा असते. प्रश्न असतात, आणि रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात. ती पास झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत."

फर्निचरवाला दिलदारपणे हसला. "महिनाअखेरपर्यंत बघा वहिनी. लेखी पास झालात तर गाडी तुमची तुम्हाला लखलाभ, चालवायला शिकेपर्यंत माझा ड्रायव्हरही तुमचा. आणि मी माझे सोफे डोक्यावरून नेईन."

"मावशी, ऐकलंत ना?" वहिनी म्हणाली. एवढंच. एकदाच.

लेखी परीक्षा म्हणायचं, पण लिहायचं काही नव्हतं. सगळं पडद्यावर बोट लावून. लेक पुस्तक घेऊन आली आणि दुपारी, बॉयलर बंद असताना, घड्यांच्या टेबलाशी शिकवणी सुरू झाली.

"पिवळा दिवा लागला. काय करशील? अ, थांबायची तयारी. ब, वेग वाढवणार."

"ब," वहिनी म्हणाली. "आणि वर 'हिरवाच होता' म्हणायचं."

मावशी तोंडाला पदर लावून हसली.

"पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवशील?"

"आतला माणूस डोकं खाजवतोय की भांग पाडतोय ते कळेल, एवढं."

"आई! बरं. सिग्नल बंद पडलाय. चारही बाजूंनी गाड्या आल्यात. आधी कोण जाणार?"

"ज्याच्या गाडीत चादरी आहेत तो. हॉस्पिटल काय थांबतंय?"

"हे सगळं तुला शिकवलं कोणी?" वाळत घातलेल्या चादरींमागून शेठचा आवाज आला. मावशी म्हणाली, "शेठ, चादर बाजूला करून पुढे या, म्हणजे आम्हाला मास्तरांचं दर्शन होईल."

शेठचे कान तापले. वहिनी काही टोमणे मारत नव्हती, हीच पंचाईत होती. तिने रस्ता जसा पाहिला होता तसा ती प्रामाणिकपणे सांगत होती. आणि तो तिने एकाच माणसाच्या गाडीतून पाहिला होता. शेठ पुढे आले, लेकीच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि म्हणाले, "मी असलं काही करतच नव्हतो. उद्यापासून मी घेतो हिची तयारी."

आणि घेतली. आधी अब्रूसाठी, मग गोडी लागली म्हणून. पुस्तक नाकासमोर धरून ते ओळीवरून मान फिरवत वाचत. त्यात त्यांना बरीच नवलाई सापडली. रस्त्याकडेच्या त्रिकोणी पाटीवर दोन उंचवटे असतात, ती पाटी उंटांसाठी आहे असा त्यांचा वर्षानुवर्षं समज होता. इथे उंट येतात कुठून, एवढीच काय ती शंका होती. "पुढे रस्ता खडबडीत," त्यांनी वाचलं, आणि इकडेतिकडे बघून पान उलटलं. वहिनीने ते पाहिलं. पण तिने उंटांचा विषय काढला नाही. संसारात काही गोष्टी शिल्लक ठेवाव्या लागतात.

पहिल्या खेपेला ती परीक्षेला गेली तेव्हा प्रश्नांची तयारी इतकी झाली होती, की बसमध्ये कंडक्टरने "पुढे सरका" म्हटल्यावर तिने सुरक्षित अंतर विचारलं. संध्याकाळी निकालाचा कागद घड्यांच्या टेबलावर पडला. प्रश्न जवळजवळ सगळे बरोबर. चित्रफितींत शून्य, शून्य, शून्य, एकदा कुठे तरी कसाबसा एखादा मार्क, पुन्हा शून्य. नापास.

"चित्रफितीत काय करायचं असतं?" शेठनी विचारलं.

"रस्ता दाखवतात," लेक म्हणाली. "आपण गाडीत बसलोय असा. धोका दिसायला लागला की बटण दाबायचं."

शेठनी कागदाची घडी घातली. आवाज त्यांनी मुद्दाम मऊ ठेवला, आणि त्यामुळेच तो जास्त लागला. "पुस्तक पाठ होतं गं. पण नजर ही उपजत लागते. त्याला तू तरी काय करणार?"

त्या दिवशी वहिनीने घातलेल्या अभ्र्यांच्या घडीवर बोट कापलं असतं. समोर फर्निचरवाला उगाचच दारात येऊन व्हॅनची लांबी नजरेने मोजून गेला.

महिना संपायच्या आत आणखी एकच तारीख मिळाली. ती हुकली की गाडी पलीकडे. लेकीने सरावाच्या चित्रफिती शोधून आणल्या आणि लॅपटॉप टेबलावर उशांच्या गठ्ठ्याला टेकवला. मावशी पालथ्या टोपलीवर बसली. शेठ पडद्यापाशी नाक नेऊन बसले; नजर कशी लागते ते दाखवणार होते ना.

पहिली चित्रफीत. गल्ली, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या. टक्. वहिनीने बटण दाबलं.

"अगं, का दाबलंस? रस्ता मोकळा आहे!"

"त्या निळ्या गाडीचं चाक वळलंय."

"कुठली निळी गाडी?"

गल्ली तशीच पुढे सरकली. मग निळी गाडी कडेवरून अंगावर आली आणि शेठ खुर्चीत दचकले.

"शून्य," लेक म्हणाली.

"शून्य कसं? बरोबर सांगितलं की तिने!"

"लवकर सांगितलं, बाबा. गाडी हलायला लागली की यांचं मोजणं सुरू होतं. त्याच्या आधीचं धरत नाहीत. म्हणून तर आई, तुला सांगतेय, ती हलली की परत दाब."

"एकदा दाबलं ना," वहिनी म्हणाली.

"मग परत दाबायचं!"

"एकदा सांगितलं की झालं," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सूर्य उगवतो म्हणावं तसं ती म्हणाली.

"दुसरी लाव," शेठ म्हणाले.

दुसरीत थांब्यावर बस होती. टक्. शेठना बसची नुसती पाठ दिसत होती. "आता काय?"

"बसच्या खाली बघा. पलीकडे पाय आहेत. घाईतले आहेत."

"थांबव. परत लाव." शेठनी मान पूर्ण वळवली, पडद्याचा एकेक कोपरा धुंडाळला. बसखालून दोन बूट लगबगीने पुढे चालले होते. पुढच्याच क्षणी त्या बुटांवरचा माणूस बससमोरून रस्त्यात आला. "शून्य," लेक म्हणाली, पण हळू.

तिसऱ्या चित्रफितीला शेठ पडद्याकडे बघतच नव्हते. खुर्ची फिरवून ते वहिनीच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा दाबला जाई, मग एक सावकाश श्वास जाई, आणि मग लॅपटॉपमधून कर्कश हॉर्न येई. अंगठा, श्वास, हॉर्न. दर वेळी त्याच क्रमाने. इतक्या वर्षांत शेठनी बाजूच्या सीटकडे एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं. आणि अलीकडे तर मान पूर्ण वळवल्याशिवाय ती दिसलीच नसती. ती कडेला होती.

ते उठले. नळावर गेले, पाणी प्यायले, उगाच एका टॉवेलला हात पुसले, तो धुतलेल्यातला होता. परत आले.

"डॉक्टरीणबाई आश्चर्य म्हणाल्या होत्या," ते म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाली.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मला फार आधी कळलं होतं. तुम्ही दारांना धडकत होतात येता-जाता. खांद्याने."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. म्हटलं, डोळे दाखवून या." ती थांबली. "एकदा."

मावशीने तोंडातलं हसू गिळलं. ते घशात अडकून तिला ठसका लागला. शेठ मात्र हसले नाहीत. समोर येऊन टेबलाला दोन्ही हात टेकून उभे राहिले, अगदी तिच्या समोर, जिथून त्यांना ती पूर्ण दिसत होती.

"दिसलं की दाब," ते म्हणाले. "आणि घडायला लागलं की परत दाब. दोनदा सांगायचं."

"आणि किल्ली?"

"किल्ली माझ्याकडे आहेच कुठे? ती फर्निचरवाल्याच्या ड्रायव्हरच्या खिशात आहे. ती परत आणायची तर दोनदा सांगावं लागेल तुला."

"शेठ," मावशी म्हणाली, "हे तुम्ही एकदाच बोललात. वहिनींना खरं वाटायचं नाही."

"दोनदा सांगायचं!" शेठ ओरडले. वाळत घातलेल्या चादरी हलल्या म्हणतात, पण ते मावशीचं म्हणणं आहे.

"तीनदा-चारदा नको हं पण," लेक घाईने म्हणाली. "सारखं दाबत सुटलं तर फसवणूक धरतात, पूर्ण शून्य देतात."

सांगणं सोपं होतं, अंगठा ऐकेना. इतक्या वर्षांची सवय. एकदा दाबलं की तो बटणावरून उठून मांडीवर जाऊन बसे, गाठोड्यावर ठेवल्यासारखा. मग दुपारच्या दुपार एक अजब देखावा दिसू लागला. वहिनी पडद्यासमोर, आणि बाजूला बसून शेठ गयावया करतायत, "सांग, सांग परत! अगं बोल की! अजून एकदा!" कपडे भिजवणारा आत येऊन हे ऐकून तसाच बाहेर गेला. ज्या माणसाला घरात दुसऱ्यांदा जेवायला बोलावलेलं खपत नव्हतं, त्या माणसाच्या तोंडी हे शब्द! हळूहळू अंगठा बधला. टक्, श्वास, टक्.

आणि शेठची मान पुन्हा कडक होऊ लागली, पण खळ वेगळी होती. रस्ता ओलांडून ते स्वतः फर्निचरवाल्याकडे गेले. "आमची ही नापास का झाली ठाऊक आहे? परीक्षेला दिसायच्या आधी हिला दिसलं म्हणून."

"नापास झालेले सगळे असंच काहीतरी सांगतात," फर्निचरवाला म्हणाला.

"डोकं मजबूत आहे ना तुमचं?" शेठ म्हणाले. "नाही, सोफे जड असतात म्हणून विचारलं."

दुसऱ्या खेपेला शेठ तिच्याबरोबर गेले. परीक्षा केंद्राच्या बोळात भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीत कुणी ना कुणी दोन्ही अंगठे चोळत बसलेलं. वहिनी आत गेली. दार लागलं. शेठच्या शेजारी एक तरुण मुलगी पुस्तकातल्या पाट्या पुटपुटत होती.

"घाबरू नकोस," शेठनी तिला सांगितलं. "माझी बायको आत आहे. आमच्या गाडीला इतक्या वर्षांत ओरखडा नाही."

"अरे वा! काका, तुम्ही चालवता?"

शेठनी तोंड उघडलं. हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर जिभेवर तयार होतं. ते त्यांनी तिथेच ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "गाडी ती चालवायची. मी नुसतं स्टिअरिंग धरायचो."

मुलीला काही कळलं नाही. ती "हो का" म्हणून पुन्हा पाट्यांकडे वळली. पण आतलं दार तेवढ्यात उघडलं होतं, आणि वहिनी कागद घेऊन चौकटीत उभी होती. कडेच्या बाजूला, म्हणजे शेठना न दिसेल अशी. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. डोळ्यांत काही गेलं असावं, तिने ते पदराने काढलं. मग चालत येऊन त्यांच्या बरोबर समोर थांबली.

"पास," ती म्हणाली.

शेठ उभे राहिले. चेहऱ्यावरची इस्त्री पार मोडली होती.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं तुम्हाला. बहिरे नाही तुम्ही."

"आलं. तरी परत सांग."

"पास," वहिनी म्हणाली, आणि बोळातल्या सगळ्या अंगठ्यांनी क्षणभर चोळणं थांबवलं.

निकालाचा कागद मावशीने मोठ्या इस्त्रीतून काढायचा हट्ट धरला, सुरकुती नको म्हणून. लेकीने तो वेळेवर हिसकावला. शेठ रस्ता ओलांडून गेले आणि फर्निचरवाल्याला एवढंच म्हणाले, "सोफे कधी काढताय? आम्ही सगळे खुर्च्या टाकून बसणार आहोत." तो बिचारा एक उशी डोक्यावर ठेवून दारापर्यंत आला. मावशीने त्यात त्याचा शब्द अर्धाच फेडल्याचं धरलं, उरलेला येणं म्हणून त्याच्याकडे अजून मागते.

चालवायची परीक्षा वहिनीने पुढे दिली, आणि त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. रस्ता तिला नवा नव्हता, फक्त सीट नवी होती.

पहिल्या सकाळी शेठनी फर्निचरवाल्याच्या ड्रायव्हरकडून किल्ली घेतली आणि तिच्या हातात ठेवली. "चालव मग तूच," म्हणाले. मग बाजूने जाऊन त्यांनी दार चाचपलं, आत बसले आणि उरलेलं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. गाडी निघाली. हॉस्पिटलच्या फाटकावरचा पहारेकरी दिसेपर्यंत त्यांना धीर नव्हता. त्याला सांगायचं होतं.

उतार आला.

"सायकल," वहिनी म्हणाली, स्वतःशीच, सवयीने. शेठना सायकल दिसत नव्हती. ती कुठेतरी कडेला असणार. त्यांनी गाठोडं घट्ट धरलं आणि समोर बघत राहिले. मग गाडीचा वेग उतरला.

"सायकल," वहिनी पुन्हा म्हणाली.

शेठ मान ताठ करून ऐकत राहिले, आणि किल्लीचं नाव काढलं नाही.